तुमचं म्हणणं लेखी द्या

"लेखी कशाला? मी समोर उभी राहून सांगते की."

बाईंचं बरोबरच होतं. त्यांच्या हातातल्या समन्सवर छापलं होतं, प्रतिवादीने मुदतीत आपले म्हणणे सादर करावे, कसूर केल्यास दावा एकतर्फी चालवण्यात येईल. दिराच्या कर्जाला त्या जामीन राहिलेल्या. त्याने हप्ते थकवले आणि वसुलीच्या दाव्यात यांचंही नाव आलं. 'कसूर' वाचून त्यांना वाटलं, आपल्यावर गुन्हा लागला. 'एकतर्फी' म्हणजे आपल्या तर्फेने, असं शेजारच्या पोराने छातीठोकपणे सांगितलेलं. खरा अर्थ एवढाच: मुदतीत म्हणणं दिलं नाही, तर फक्त समोरच्याचं ऐकून दावा चालेल. ३० दिवसांची मुदत, त्यातले २२ दिवस तो कागद घडी करून कपाटावर पडून.

दर शनिवारी मी मोफत कायदेशीर सल्ल्याच्या टेबलावर बसते. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची भांडणं साधी असतात, कागद अवघड असतो. सुरुवातीला मी भरभरून समजावायची. कलम, मुदत, अपील, सगळं. एकदा एका काकांना २० मिनिटं असंच समजावलं. ते मान डोलवत होते. उठताना त्यांनी विचारलं, "मग मॅडम, यायचं कधी?" तेवढंच सांगायचं राहिलं होतं. तेव्हापासून मी आधी कागद उलटा करते आणि मागे मोठ्या अक्षरांत लिहिते: तारीख, वेळ, कुठल्या मजल्यावर, कितव्या खोलीत. कायदा त्यानंतर.

जनहित याचिकांचं कौतुक मलाही आहे. कॉलेजात असताना हुसैनआरा खातून खटला वाचून रात्रभर झोप लागली नव्हती. बिहारच्या तुरुंगांत माणसं खटला सुरू व्हायची वाट बघत बसलेली, काही जण तर गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ. वर्तमानपत्रात बातम्या आल्या, त्यांच्या आधारे एका वकीलबाईंनी याचिका केली, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जलद सुनावणी आणि गरिबाला मोफत वकील हे जगण्याच्या हक्कातच येतं. अमेरिकेतल्या क्लॅरेन्स गिडियनने तुरुंगातून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला पेन्सिलीने अर्ज लिहिला होता. वकील न मिळाल्याने त्याने स्वतःच खटला चालवला होता आणि तो हरला होता. १९६३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, खटला पुन्हा चालला, आणि या वेळी सोबत वकील असल्यावर ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. पुरावा बराचसा तोच होता!

पण मला जास्त आठवते ती आयर्लंडची मिसेस एअरी. तिला नवऱ्यापासून कायद्याने वेगळं व्हायचं होतं, वकिलाची फी परवडत नव्हती. सरकार म्हणालं, अडवलंय कोणी? वकील सक्तीचा नाही, कोर्टात स्वतः उभी राहा. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने, तेही १९७९ मध्येच, हे मानलं नाही. हक्क कागदावर असून भागत नाही, तो वापरता आला पाहिजे. दार उघडं आहे असं म्हणणाऱ्याने आधी पायऱ्या किती आहेत ते मोजावं, एवढीच माझी त्यावर पुरवणी.

आपल्याकडे १९८७ चा विधी सेवा कायदा आहे. बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाई आहे, एवढं पुरतं. हे आमच्या बाईंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "रेशनकार्ड आणू का?" नको, म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. बसणार कसा? या योजनेचे फलक मी बघते ते कोर्टाच्याच आवारात, म्हणजे जो आधीच पोचलाय त्याच्यासाठी. आणि भाषा कशी, तर 'पात्र व्यक्तींनी विहित नमुन्यात अर्ज करावा'. समन्सची सख्खी बहीण. (असा फलक लिहिणाऱ्याला एकदा आमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं पाहिजे.)

बाईंचा अर्ज त्याच दिवशी भरला. नंतर वकील मिळाला, तरुण पोरगा, बरा वाटला. म्हणणं मुदतीच्या शेवटच्या दिवशी दाखल झालं. त्याआधी त्यांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि मध्येच थांबवलं. "प्रतिवादी क्रमांक दोन म्हणजे मी ना? मग 'मला न वाचता सही करायला लावली' असं सरळ का नाही लिहिलं?" मसुद्यात होतं, 'सदर दस्तऐवजातील मजकूर प्रतिवादीस अवगत नव्हता'. आम्ही तिथे त्यांचं वाक्य घातलं. पोरगा जरा कुरकुरला, पण घातलं.

पुढची तारीख २ महिन्यांनी आहे. समन्सच्या पाठीवर खोली नंबरसकट लिहून दिलीय. त्या दिवसाचा पगार मात्र कापला जाणार, त्याला अजून कुठलं कलम नाही.