ड्रायव्हरचा लॉफ्ट आणि आजची चर्चा

आज गोल्फच्या सरावाच्या वेळी माझ्या ड्रायव्हरवरून (लांब फटक्यासाठीच्या क्लबवरून) सोबतच्या तिघांत बराच मतभेद झाला. माझा चेंडू सातत्याने उजवीकडे वळतो हे पाहून एकाने लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) वरच्या बाजूला कललेला कोन, ९ अंशांवरून १०.५ अंशांवर नेण्यास सांगितले, तर दुसऱ्याच्या मते त्यामुळे चेंडू नुसताच उंच जाऊन अंतर घटले असते. मला पहिल्याचे म्हणणे पटले, कारण शाफ्टच्या (दांड्याच्या) जोडावरील स्लीव्ह (फिरवता येणारी नळी) फिरवून लॉफ्ट वाढवला की उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी क्लबचा फेस किंचित डावीकडे वळतो आणि उजवीकडे जाणारा चेंडू काही प्रमाणात आवरतो. शिवाय माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या स्विंगला थोड्या उंचीचा लाभच होतो. तिसऱ्याचा आग्रह शाफ्ट अर्धा इंच आखूड करण्याचा होता. नियमांनुसार ड्रायव्हर ४८ इंचांपर्यंत चालत असला, तरी फेसच्या मध्यावर बसलेला फटका मलाही लांबीपेक्षा मोलाचा वाटतो. (मात्र शाफ्ट कापल्यावर क्लबचे हेड (चेंडूला लागणारे टोक) हाताला हलके भासू लागते, याचाही विचार करावा लागेल.) स्लीव्ह फिरवल्यानंतरच्या वीस चेंडूंपैकी बारा सरळ गेले, याचा मला मनापासून आनंद झाला. फेरी सुरू झाल्यावर असा बदल करण्यास नियमांची परवानगी नसल्याने, उद्या पहिल्या टीवर (फेरी सुरू करण्याच्या जागी) जाण्यापूर्वीच स्लीव्हचा स्क्रू नीट आवळला आहे ना, हे पाहून घेणार आहे.