जानेवारीला कसली घाई

मुंबईत वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय कधी होतो, असं विचारलं तर दहातले नऊ जण २२ डिसेंबर सांगतील. सगळ्यात लहान दिवस तो, हे शाळेत इतकं घोकलंय की सूर्यही त्याच दिवशी सगळ्यात उशिरा उठत असणार, असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात तो त्यानंतरही रोज जरा जरा उशीरच करत राहतो. १ जानेवारीला सात वाजून बारा मिनिटांच्या आसपास (जमिनीच्या सातबारा उताऱ्याशी संबंध नाही), आणि संक्रांत उलटली की जवळजवळ सव्वासातला. जानेवारीचा शेवटचा आठवडा लागतो तेव्हा कुठे स्वारी पुन्हा लवकर उठायला लागते.

याला कारण आहे. पृथ्वीचा आस कललेला आणि तिची कक्षा जराशी लंबगोल, त्यामुळे या दिवसांत खरी दुपारच घड्याळाच्या मानाने रोज थोडी पुढे सरकते. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने, सकाळच्या नाही. आणि गंमत म्हणजे, जानेवारीच्या तीन-चार तारखेला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि वर्षातल्या सगळ्यात जास्त वेगाने धावत असते, सेकंदाला तीस किलोमीटरहून थोडी जास्तच. म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात धावपळ कुणीतरी करायलाच हवी असेल, तर ती चोख चालू आहे. आपण पांघरूण जरा वर ओढायला हरकत नाही.

पण नाही. डोंबिवलीच्या फलाटावर त्या आठवड्यात पाहावं. एरवी सातच्या लोकलला डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या बायका मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत असतात. डब्यात पोळीभाजीच्या जागी काकडी-गाजर आलेलं असतं आणि मालकिणीची नजर शेजारणीच्या बटाट्याच्या काचऱ्यांवर असते. आमच्या इमारतीखाली जिम आहे. तिथे पहिल्या आठवड्यात ट्रेडमिलसाठी रांग लागते. नेहमी येणारी चार माणसं भिंतीला टेकून, घरी लग्नाची पाहुणेमंडळी उतरल्यावर यजमानांचा होतो तसा चेहरा करून उभी असतात. त्यांना माहीत असतं, पाहुणे फार दिवस राहणार नाहीत.

आणि लिफ्टमध्ये प्रश्न. ‘काय मग, यंदा काय ठरवलंय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला स्वतःचं सांगायचं असतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आता मी लगेच ‘तुमचं काय?’ विचारते. आमच्या मजल्यापर्यंत तेवढ्यात भागतं.

खरं तर ही १ जानेवारी कुठून आली? इसवी सनापूर्वी १५३ साली रोमच्या कॉन्सल मंडळींनी, म्हणजे तिथल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, या तारखेला पदभार घ्यायला सुरुवात केली, तिथून ती वर्षारंभ म्हणून रुळली. थोडक्यात, ही एका सरकारी नेमणुकीची तारीख. त्याही आधी रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. त्यांच्या परंपरेत असं सांगतात की अगदी जुन्या वर्षाला दहाच महिने होते, ३०४ दिवसांचे. उरलेला हिवाळा? तो मोजतच नसत. शेत बंद, लढाया बंद, दिवसांना नावं कशाला द्यायची! मला ही कल्पना भारी आवडते. पुढे कुणीतरी त्या बिननावाच्या दिवसांत जानेवारी-फेब्रुवारी बसवले आणि आज आपण नेमक्या त्याच दिवसांत ट्रेडमिलच्या रांगेत उभे आहोत. इंग्लंडात तर १७५२पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. आपल्याकडे सरकारचा जमाखर्च १८६७पासून १ एप्रिलला नव्याने सुरू होतो. भारताचं राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ला अमलात आलं, त्याचा चैत्र त्याच तारखेला लागतो, लीप वर्ष असेल तर एक दिवस आधी. गुढीपाडवा त्याच्या मागेपुढे. शाळेचं वर्ष जूनमध्ये, नव्या दप्तराच्या आणि ओल्या रेनकोटच्या वासात. आणि दिवाळीच्या पाडव्याला दुकानदारांच्या वह्यांची पूजा, तेव्हा त्यांचं नवं वर्ष.

इतके वर्षारंभ पदरी असलेल्या माणसाने एकाच तारखेला जिवाचा आटापिटा का करावा? एक हुकला तर दुसरा आहे. जुन्या लोकांनी साडेतीन मुहूर्त ठेवले, त्यातही एक अर्धा ठेवला, यात मला त्यांचं शहाणपण दिसतं. अर्ध्या मनाने सुरू करण्याच्या गोष्टीही असतातच की.

पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात, तो कधी नीट ऐकलाय? मी ऐकत नसे. हातात पळीभर पाणी धरून चुळबुळ करत बसायचं, एवढंच माहीत. एका सत्यनारायणाला मुद्दाम कान दिला. सुरुवात होते ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या दुसऱ्या अर्ध्यापासून. मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण. मग जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीच्या कुठल्या तीराला आपण बसलोय ते. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. एवढा सगळा पत्ता सांगून झाला की मग शेवटी, अगदी शेवटी, आपलं गोत्र नि आपण. आणि मागायचं काय? सहकुटुंब सहपरिवार क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य. वजन किती किलोने उतरावं, वर्षात किती पुस्तकं वाचावीत, याचा उल्लेख नाही. मग ‘करिष्ये’ म्हणून हातातलं पाणी ताम्हणात सोडून द्यायचं. ते मुठीत आवळून ठेवायचं नसतं. मी काही फार देवभोळी नाही, पण हा क्रम मला पटला. आधी आपण कुठे आहोत ते सांगा, कितव्या युगात बसलोय ते सांगा, मग काय हवं ते हळूच सांगा. श्वेतवाराह कल्पाचा हिशेब समोर असला की फेब्रुवारीपर्यंत पोट कमी झालं की नाही, याची फारशी धास्ती राहत नाही.

शेतात गेलं तर जानेवारी हा कशाचाच आरंभ वाटत नाही. सोलापूरकडे, मंगळवेढ्याच्या बाजूला, ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली असते. मालदांडी म्हणतात ती. तिला वरून पाणी मिळेलच याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. जानेवारीत तिचं कणीस भरत असतं. कापणीला अजून वेळ असतो आणि पेरणी कधीच मागे पडलेली असते. शेतकऱ्याच्या लेखी हा मधला काळ आहे. याच दिवसांत दाणे कोवळे, दुधाळ असतात म्हणून हुरडा होतो. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यात भाजायची आणि भाजल्याबरोबर तळहातावर चोळायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरडा गरम असतानाच खायचा असतो, त्यामुळे आगटीभोवतीचा माणूस उठून कुठे जाऊ शकत नाही. ज्याला पावलं मोजायची आहेत त्याने तिथे जाऊच नये. आता शहरातल्या लोकांसाठी हुरडा पार्ट्या निघाल्यात, बसने न्यायचं, बैलगाडीत फिरवायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी परत. त्यातही माणूस आगटीपाशी बसला की गप्प होतो, हे मी पाहिलंय.

मग भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, जे जे मंडईत दिसेल ते घालून केलेली भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ अशी म्हणच आहे. म्हणजे आपल्या परंपरेने जानेवारीच्या मध्यावर खाण्याची सक्ती केलेली आहे. आहारतज्ज्ञांनी काय ते त्यांच्यात ठरवावं.

पण जानेवारीचं खरं काम मी पाहिलं ते साताऱ्याला, आत्याकडे. हलवा करणं. आता आम्ही दादरहून पाकीट आणतो, पण लहानपणी सुट्टी मिळाली की मी तिच्या शेगडीपाशी बसलेली असे. साखर पाण्यात उकळायची, त्यात थोडं दूध घालायचं, मळी वर आली की ती काढून टाकायची. असा स्वच्छ एकतारी पाक. मंद आचेवर परात, परातीत खसखस किंवा तीळ. मग चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. कोरडं झालं की पुन्हा चमचाभर. पुन्हा हलवायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत परातीत काही घडलंय असं दिसतच नसे. तीळ जरा पांढुरके झालेत, एवढंच. आत्या परात उतरवायची, पातळ फडकं घालून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी आटोपली की पुन्हा बसायची. दुसऱ्या दिवशी दाणा जरा फुगल्यासारखा. तिसऱ्या दिवशी खरखरीत. चौथ्या दिवशी कधीतरी काटा. पाक एकदम जास्त ओतला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. आच वाढवली तर साखर पिवळी पडते. हवा दमट असली तर काही केलं तरी काटा फुटत नाही, म्हणून हे काम थंडीतच करायचं. मी दर पाच मिनिटांनी वाकून विचारायची, ‘आला का काटा?’ आत्या मान वर न करता म्हणायची, ‘यायचा तेव्हा येईल. तू डोळे फाडून बघत बसलीस म्हणून येणारेय होय?’

त्या चार दिवसांत ती दुसरंही सगळं करायची. धुणं व्हायचं, पाहुणे येऊन जायचे, शेजारच्या काकू विसरलेली पळी न्यायला येऊन तासभर बसायच्या आणि बोलता बोलता त्यांचीही बोटं परातीत जायची. मग तो हलवा मण्यांसारखा ओवून नव्या सुनेचे दागिने व्हायचे, हार, बांगड्या, बाजूबंद, काळ्या साडीवर उठून दिसणारे. नाहीतर बोरन्हाणाला बसलेल्या बाळाचा मुकुट. बाळ तो मुकुट काढून चाटायचं आणि सगळ्या बायका एकदम ‘अगं बाई’ म्हणायच्या.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं म्हणतात. हे मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. मुंबईत २२ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक काळात, दिवस सगळा मिळून सात-एक मिनिटांनी मोठा होतो. रोजचे अठरा-वीस सेकंद. पातेल्यातलं दूध उतू जायला तेवढा वेळ पुरतो, दुसरं काही व्हायला नाही.

तेव्हा माझ्या घरी नवं वर्ष कसं येतं? नवी दिनदर्शिका येते, पण जुनी खाली उतरत नाही. एकाच खिळ्यावर दोन्ही, नवी वर, जुनी खाली. कारण जुनीवर डिसेंबरचा दुधाचा हिशेब असतो, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख असते, कामाच्या मावशींचे खाडे असतात, आणि कुणाचा तरी फोन नंबर नाव न घालता लिहिलेला असतो. तो कुणाचा हे आठवेपर्यंत पान फाडायची सोय नाही. दोन वर्षं काही दिवस एकत्र नांदतात. चेकवर जुनं साल लिहायची सवयही तोवर हळूहळू सुटते. ऑफिसातून मिळालेली डायरी मी रिकामीच ठेवते, पुढे कधीतरी किराण्याच्या यादीला उपयोगी पडते. सकाळी फिरायला जाते, पण ऊन आल्यावर, स्वेटर घालून, आणि वाटेत चहाची टपरी असेल अशा रस्त्याने. आमच्याकडे स्वेटर घालायची संधी वर्षातून आठ-दहा दिवस येते, ती काय जोर-बैठका काढून घाम गाळण्यात घालवायची?

आणि आपल्या हळदीकुंकवाची रीत आठवा. संक्रांतीला जमलं नाही तर उद्या, उद्या नाही तर पुढच्या शुक्रवारी, रथसप्तमीपर्यंत कधीही. तिळगूळही तोवर देता येतो, ‘गोड बोला’ तोवर म्हणता येतं, बोरन्हाणही तोवर चालतं. कुणी उशिरा आली म्हणून वाण द्यायचं नाकारलं, असं मी तरी ऐकलेलं नाही. हीच मुदत मी नव्या वर्षाला लावून टाकली आहे. लिफ्टमध्ये कुणी आता विचारलंच, यंदा काय ठरवलंय, तर सांगते, रथसप्तमी होऊ दे, मग बघू. रथसप्तमीनंतर विचारलं तर म्हणायचं, आता पाडवा आलाच की जवळ.