मेडिकलच्या काउंटरवरून: ऑस्ट्रेलियात फार्मासिस्ट म्हणून नोंदणी मिळवताना

बी.फार्म. झाल्यानंतर २०१४ पासून मी बडोद्यात दांडिया बाजारातील एका मेडिकलमध्ये काम करत होते. दुकान जुने, मालकांना सगळेच काका म्हणत, आणि गिऱ्हाइकांपैकी निम्मी मराठी तर निम्मी गुजराती असत. औषध हातात पडल्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच असे, “बेन, आ क्यारे लेवानी?” मी पट्टीच्या मागे पेनाने ‘सकाळ-रात्र’ लिहून देत असे आणि पुढच्या माणसाकडे वळत असे. हे काम आपण चोख करतो, अशी माझी समजूत होती आणि काकांचीही होती. त्या समजुतीचे पुढे काय झाले, तेच मुख्यतः येथे लिहायचे आहे. कारण ऑस्ट्रेलियातील नोंदणीविषयी मला विचारणाऱ्या बडोद्यातील आणि आणंदमधील मुली फी, पुस्तके आणि व्हिसा यांबद्दल पुष्कळ विचारतात, पण काउंटरवर उभे राहून रुग्णाशी बोलायचे कसे, हे कोणी विचारत नाही.

२०१७ मध्ये माझे लग्न झाले आणि नवऱ्याच्या कामामुळे वर्षभरात परदेशी जाण्याची शक्यता दिसू लागली. प्रथम मी अमेरिकेची चौकशी केली. तेथे १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला परीक्षेस बसण्यासाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो आणि आपली बी.फार्म. चार वर्षांची, त्यामुळे तो विषय तेथेच संपला. सहा वर्षांची फार्म.डी. केलेल्यांना ती अडचण येत नाही. कॅनडात चार वर्षांची पदवी चालते, परंतु नवऱ्याच्या कंपनीचे काम ऑस्ट्रेलियात होते, म्हणून निवडीचा प्रश्न फारसा उरलाच नाही. तेव्हाचा क्रम असा होता: ऑस्ट्रेलियन फार्मसी कौन्सिलकडून पदवीची आणि कागदपत्रांची तपासणी, मग कॅप्स नावाची दोन पेपरांची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, त्यानंतर आप्राकडून, म्हणजे आरोग्य व्यवसायांची नोंदणी करणाऱ्या तेथील राष्ट्रीय संस्थेकडून, तात्पुरती नोंदणी, अनुभवी फार्मासिस्टच्या देखरेखीखाली इंटर्नशिप, आणि शेवटी एक लेखी व एक तोंडी परीक्षा.

कागदपत्रे म्हणजे झेरॉक्स काढून पाठवायचे काम, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात पहिले सात महिने माझ्या नावातच गेले. आमच्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव छापतात. पासपोर्टवर लग्नानंतरचे आडनाव आणि मधे नवऱ्याचे नाव होते. एवढ्यावर भागले असते, पण गुजरातमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या नावाला आणखी एक शेपूट लागते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ होते, पदवीच्या गुणपत्रिकांवर कोणा कारकुनाने सवयीने ‘भाई’ लावले होते, आणि वडिलांच्या स्वतःच्या आधार कार्डावर दोन्हीपैकी काहीच नव्हते. आमच्या घरात यावर आजवर हसूच झाले होते. आजोबा तर टपालावर ‘भाई’ दिसले की पाकीट उघडण्यापूर्वी दोन वाक्ये सुनावत. कॅनबेराहून, फार्मसी कौन्सिलकडून मात्र विचारणा आली, की या तीन नावांची मुलगी एकच आहे याला आधार काय?

त्यावर उपाय सोगंदनाम्याचा, म्हणजे प्रतिज्ञापत्राचा. कोठीजवळ बसणाऱ्या एका नोटरीकडे जाऊन मी स्टॅम्प पेपरवर तो करून घेतला आणि घरी आल्यावर लक्षात आले, की तो गुजरातीत आहे. चूक माझीच होती, मी भाषा सांगितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो इंग्रजीत करून घेतला, तिन्ही नावे अक्षरशः कागदपत्रांवर आहेत तशी लिहवली, विवाह नोंदणीचा दाखला जोडला आणि एकदम सहा नोटरी केलेल्या प्रती काढल्या. नवरा म्हणाला, सहा कशाला. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, कॉलेजच्या कार्यालयात मी अकरा वेळा गेले; दर वेळी सही करणारे साहेब नुकतेच बाहेर पडलेले असत, आणि एकदा तर ट्रान्सक्रिप्ट तयार होऊन पाकिटावरचा शिक्का राहिला म्हणून आठवडा गेला. पाकीट उघडलेले चालत नाही, त्यामुळे आत ‘भाई’ आहे की नाही हे पाहण्याचीही सोय नव्हती.

अभ्यासाचे सांगायचे तर कॅप्सच्या पहिल्या पेपरात औषधी रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि फार्माकॉलॉजी, तर दुसऱ्यात फार्मास्युटिक्स आणि थेरप्युटिक्स असे, आणि प्रत्येकी १०० बहुपर्यायी प्रश्न असत. मी कॉलेजच्या वह्या काढल्या आणि रचनासूत्रे घोकली. सकाळी दुकान असे, म्हणून दुपारी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसत असे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या त्या ग्रंथालयात उन्हाळ्यातही बसवते. २०१९ च्या सुरुवातीला मी परीक्षा दिली आणि नापास झाले. रसायनशास्त्राने मला बुडवले नव्हते. बुडवले ते रोज हाताखालून जाणाऱ्या गोळ्यांनी.

त्या काळी सराव करताना केलेल्या दोन चुका मला अजून आठवतात. एका प्रश्नात उपाशीपोटी साखर ७.८ दिली होती आणि मी ती एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टक्केवारी, समजून पुढे गेले. आपण साखर मिलिग्रॅममध्ये मोजतो. तेथे ती मिलिमोलमध्ये मोजतात, आणि त्या आकड्याला १८ ने गुणल्यावर आपला १४० येतो. हे एकदा कळले की सोपे आहे, पण घड्याळ समोर चालू असताना डोके आपल्याच आकड्यांत विचार करते, म्हणून मी काकांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक लॅब रिपोर्टचे मनातल्या मनात १८ ने भाग देऊन रूपांतर करू लागले. मूत्रपिंडाच्या तपासणीतील क्रिएटिनिनसाठी मात्र ८८ ने गुणायचे. दुसऱ्या प्रश्नात संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या वृद्ध बाईंना लघवीच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम लिहून दिले होते, आणि तुम्ही काय कराल, असे विचारले होते. मी फॉलिक ॲसिड वाढवण्याचा पर्याय निवडला. या दोन औषधांनी मिळून अस्थिमज्जा दबते, हे मला पाठ होते. तरीही औषध न देता आधी डॉक्टरांना फोन करायचा, हा पर्याय माझ्या नजरेत भरलाच नाही, कारण पाच वर्षांत मी चिठ्ठीवरून डॉक्टरांना फोन केला होता तो फक्त अक्षर लागले नाही म्हणून.

यानंतर मी वह्या बाजूला ठेवल्या आणि ऑस्ट्रेलियन मेडिसिन्स हँडबुक हा तेथील औषधांचा संदर्भग्रंथ मागवला. तो महाग आहे, पण त्यातले प्रत्येक पान रुग्णाला काय सांगायचे येथपर्यंत जाते आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत नेमके तेच नसते. आम्ही चौघीजणी रात्री साडेनऊला फोनवर एकमेकींना काल्पनिक रुग्णांच्या केसेस सोडवायला देत असू; त्यातील एक आणंदची होती आणि ती रुग्णाची भूमिका इतकी चिडक्या आवाजात करत असे, की माझ्या सासूबाई एकदा विचारून गेल्या, कोणाशी भांडतेस गं? त्याच वर्षाच्या शेवटी अहमदाबादच्या केंद्रावर मी पुन्हा परीक्षा दिली आणि या वेळी उत्तीर्ण झाले. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही विभागांत ७ लागत होते आणि तेही मी त्याच वर्षी मिळवले होते.

मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या. त्या पुढे जवळजवळ दोन वर्षे बंद राहिल्या, आणि त्या काळात मी रोज दुकानात उभी होते, कारण मेडिकल बंद नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या शटरबाहेर सकाळी सातपासून रांग असे. एकाच चिठ्ठीवर आठ-आठ औषधे, हातात चिठ्ठी घेतलेला मुलगा आणि घरी आजारी बाप. त्या दिवसांत मी प्रथमच लोकांना थांबवून प्रश्न विचारू लागले. आणखी कोणती गोळी चालू आहे, साखर आहे का, स्टेरॉइड किती दिवस सांगितले आहे. काकांना सुरुवातीला ते पटले नाही, रांग वाढते म्हणून. नंतर त्यांनी माझ्यासाठी वेगळे टेबल टाकून दिले. परीक्षेच्या तयारीपेक्षा त्या टेबलाचा मला पुढे अधिक उपयोग झाला, असे मी म्हणेन, जरी त्या दिवसांविषयी असे लिहिताना बरे वाटत नाही.

दरम्यान आयईएलटीएसची दोन वर्षांची मुदत उलटून गेली. दुसऱ्या खेपेस मी ओईटी ही आरोग्य व्यवसायांतील लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा दिली आणि हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण तीत लेखन आणि संभाषण आपल्याच व्यवसायातले असते. संभाषणात दोन भूमिका कराव्या लागतात. हातात एक कार्ड मिळते, तीन मिनिटे विचाराला आणि साधारण पाच मिनिटे बोलायला. समोरचा माणूस घाबरलेला, संशयी किंवा घाईत असतो, आणि त्याला आधी बोलू द्यायचे असते. आणंदच्या मैत्रिणीपुढे तो फारच सौम्य वाटला.

२०२२ मध्ये आम्ही न्यू साउथ वेल्समधील डबो येथे गेलो. इंटर्नशिपसाठी मी साठेक दुकानांना ई-मेल केले. उत्तरे चार आली आणि चारांतही एकच मजकूर होता, की येथील अनुभव असल्यास कळवावे. अनुभवासाठी इंटर्नशिप आणि इंटर्नशिपसाठी अनुभव, हे चक्र मोडायला मी शेवटी एका दुकानात साधी सहायक म्हणून लागले. पदवीधर फार्मासिस्टने शाम्पू आणि सनस्क्रीन मांडायचे, हे माझ्या वडिलांना फोनवर सांगताना मी विषय बदलला. पण तेथे मला शेड्यूल, म्हणजे कोणते औषध कसे विकायचे याची वर्गवारी, समजले. आपल्याकडे शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची यादी, कागदावर कडक आणि काउंटरवर सैल आहे. तेथे शेड्यूल २ ची औषधे फार्मसीत मिळतात, शेड्यूल ३ ची चिठ्ठीशिवाय पण फार्मासिस्टशी बोलूनच, शेड्यूल ४ ला चिठ्ठी, आणि शेड्यूल ८ ची, म्हणजे व्यसन लागू शकणारी औषधे, कुलूपबंद तिजोरीत. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप शेड्यूल ३ मध्ये येतो, तर कोडीन १ फेब्रुवारी २०१८ पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

एका शनिवारी एक गृहस्थ पंप मागायला आले. मी त्यांना ओळखले. मंगळवारीही तेच आले होते. सहायकाने अशा प्रसंगी फार्मासिस्टला बोलवायचे असते, तसे मी बोलावले, पण बाईंच्या हातात दुसरे काम असल्याने त्या म्हणाल्या, तू विचारायला सुरुवात कर, मी ऐकते आहे. मी विचारले, रात्री उठावे लागते का, प्रतिबंधक पंप दिलेला आहे का, तो घेता का. दिलेला होता आणि संपल्यावर त्यांनी आणलाच नव्हता, कारण साध्या पंपानेच बरे वाटत होते. बाईंनी त्यांना तो कसा घ्यायचा ते दाखवले, डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितले आणि ते गेल्यावर मला विचारले, तुझी तात्पुरती नोंदणी कुठवर आली आहे? सोमवारी त्यांनी माझे प्रिसेप्टर, म्हणजे इंटर्नशिपवर देखरेख करणारी फार्मासिस्ट, होण्याच्या कागदांवर सही केली.

इंटर्नशिपचे १५७५ तास होते. आठवड्याला ३८ धरले तर एकेचाळीस-बेचाळीस आठवडे. नोंदणीसाठी आप्राला भारतातील कौन्सिलकडून थेट पत्र लागते, पोलिसांची तपासणी लागते, आणि हो, तिन्ही नावांचा खुलासा पुन्हा लागला. त्या वर्षाविषयी फार लिहीत नाही. आठवड्याच्या गोळ्या वार-वेळेनुसार कप्प्यांत भरायच्या, शेड्यूल ८ च्या वहीत शिल्लक एका गोळीनेही चुकू द्यायची नाही, झोप आणणाऱ्या औषधावर १ नंबरचे सूचनेचे लेबल लावायचे आणि ते लावले म्हणजे सांगितले, असे मानायचे नाही. लेखी परीक्षा पहिल्या प्रयत्नात झाली. तोंडी परीक्षेत रुग्णाशी बोलणे, कायदा व नीती, आणि चिठ्ठीतील अडचण सोडवणे असे भाग होते. प्रश्न बाहेर सांगता येत नाहीत, पण एका जागी योग्य उत्तर ‘मी हे औषध आत्ता देणार नाही’ असे होते आणि ते मी न अडखळता दिले, एवढे सांगते.

मार्च २०२५ पासून कॅप्सच्या जागी ओप्रा ही परीक्षा आली आहे, त्यामुळे जुन्या दोन पेपरांच्या प्रश्नसंचांवर पैसे घालवू नयेत. नावाचे काम मात्र आजच सुरू करावे. माझ्या सोगंदनाम्याच्या सहापैकी पाच प्रती वापरल्या गेल्या. सहावी बडोद्याला सासूबाईंच्या कपाटात, पासबुकांच्या पिशवीत आहे, कारण भारतातील नोंदणीचे नूतनीकरण करताना ती लागेल, असा माझा अंदाज आहे.