मेडल नाही म्हणून पैसे बंद

काल रामबागेत ताईकडे गेले होते. भाची ओसरीत बसून फेन्सिंगचा, म्हणजे तलवारबाजीचा ग्लोव्ह शिवत होती, तळव्याजवळ पार फाटलाय, जाड दोऱ्याने टाके घालून घालून तो भाग कडक झालाय. तलवारीचं पातं मोडलं की ताई आधी महिन्याचा हिशोब बघते. जी थोडीफार मदत मिळायची ती या वर्षी बंद झाली, कारण काय तर मेडल नाही. "मावशी, अजून दोन वर्षं द्यायची ना गं," एवढंच म्हणाली. मला काही बोलताच येईना.

ब्रिटनमध्ये असंच झालं होतं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर यूके स्पोर्टने, म्हणजे खेळांना पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, टोकियोसाठी पैसे वाटले तेव्हा आर्चरी, फेन्सिंग, वेटलिफ्टिंग, व्हीलचेअर रग्बी, बॅडमिंटन, सगळ्यांना शून्य. अहो, बॅडमिंटनने तर रिओत पुरुष डबल्सचं ब्राँझ आणलं होतं! आणि व्हीलचेअर रग्बीच्या त्याच टीमने २०२१ मध्ये टोकियो पॅरालिम्पिकमध्ये अमेरिकेला हरवून गोल्ड घेतलं.

मग कोण जिंकणार हे आधीच कसं काय ठरवता? आपली भवानीदेवी टोकियोत खेळली, ऑलिम्पिकमधली पहिली भारतीय फेन्सर, पहिली मॅच १५-३ ने जिंकली, दुसरी हरली. मेडल नाही मिळालं. पण ती मॅच टीव्हीवर बघूनच आमच्या पोरीने दुसऱ्या दिवशी क्लास शोधायला लावला होता.

या महिन्याचं पातं मी घेतेय, ताईला अजून सांगितलं नाहीये.