कोथरूड ते एडिसन : सोळा तास कुठले, साडेसव्वीस!

"विमान किती तासांचं गं?" विचारलं की लेक म्हणायची, "सोळा." मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान, हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, म्हणजे तिचं काही चूक नाही. पण आम्ही कोथरूडच्या घराला कुलूप लावलं संध्याकाळी 6 ला, आणि न्यू जर्सीत तिच्या दारात चपला काढल्या तेव्हा पुण्यात दुसऱ्या रात्रीचे साडेआठ झाले होते. थेट विमान असून साडेसव्वीस तास! औषधं, डबा, मोजे यांचा हिशोब या आकड्यावर करा.

तिकिटावर 15 मे, पहाटे 1:50. ह्यांनी गाडी 15 च्या संध्याकाळची सांगून ठेवली होती! मुलीने फोनवर पकडलं म्हणून बरं. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर घरातून आदल्या संध्याकाळीच निघायचं, हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

उतरायची वेळ सकाळी 8:10, तारीख तीच. सहा तास वीस मिनिटांत अमेरिका? तसं नाही. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. ते मिळवले की 15 तास 50 मिनिटं होतात. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा.

दुबई किंवा लंडनला विमान बदललं तर केवढा वळसा, असं मला वाटायचं. नातवाच्या ग्लोबवर आम्ही दोरा ताणून पाहिला. मुंबईहून निघालेला दोरा पश्चिमेला न जाता वर नॉर्वे, आइसलंडकडे चढला आणि ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली न्यूयॉर्कला उतरला. त्या हिशोबाने दुबईमार्गे साधारण 400 किलोमीटरच वाढतात, लंडनमार्गे त्याहूनही कमी. वाढतो तो मधल्या विमानतळावरचा वेळ. गुडघे दुखत असतील तर मध्ये उतरून चालणं बरंही वाटेल. मी मात्र पुन्हा थेटच जाईन. जागा कडेची घ्या, म्हणजे दर दोन तासांनी उठताना कुणाची झोपमोड नको.

कस्टम्सवाल्याने खाण्याचं काही आहे का विचारलं. चकली, मेतकूट सगळं सांगून टाकलं, त्याने जाऊ दिलं. आंबे मात्र सामानात नेऊ नका, कितीही जीव तुटला तरी.

येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, त्यामुळे साडेचौदा तासच लागले. सकाळी साडेअकराला निघालो, दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच मुंबईत. पण झोपेचं गणित येतानाच जास्त बिघडतं. आठवडाभर आमच्याकडे पहाटे 3 ला पोहे होत होते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या, "वहिनी, एवढ्या पहाटे फोडणी कसली?"