शाळेचा जाब कोणाला विचारायचा?

अमेरिकेच्या संघराज्याच्या संविधानात शिक्षणाविषयी एकही कलम नाही. ज्या देशातील विद्यापीठांकडे जगभरातील विद्यार्थी धाव घेतात, त्या देशाच्या मूळ संविधानाने शाळेचे नावही घेऊ नये, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. त्याचे उत्तर तेथील राज्यरचनेत आहे. तेथील प्रत्येक घटक राज्याला स्वतःचे लिखित संविधान असून, पन्नासही राज्यांच्या संविधानांत सार्वजनिक शाळांविषयीची तरतूद आढळते. या तरतुदींच्या आधारे गेल्या पन्नास वर्षांत जे खटले चालले, त्यांचे निकाल मी अलीकडे सवडीने वाचत आहे. गोव्यात शाळांविषयी कितीही चर्चा केली, तरी शेवटी जाब नेमका कोणाला विचारायचा या एकाच प्रश्नापाशी आपण अडतो आणि अमेरिकेतील राज्यांच्या न्यायालयांनी नेमका हाच प्रश्न हाताळला आहे, म्हणून हे वाचन मला महत्त्वाचे वाटले.

या तरतुदींची परंपरा संघराज्याच्या संविधानापेक्षाही जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सचे संविधान 1780 चे असून त्याचा मसुदा प्रामुख्याने जॉन अ‍ॅडम्स यांनी तयार केला. ज्ञानाचा प्रसार लोकांचे हक्क टिकवण्यासाठी आवश्यक आहे आणि सार्वजनिक शाळांची जोपासना करणे हे कायदेमंडळाचे व शासनकर्त्यांचे कर्तव्य आहे, असे त्यात लिहिलेले आहे. न्यू जर्सीने 1875 मध्ये दुरुस्ती करून पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ मोफत शाळांची व्यवस्था ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. वॉशिंग्टन राज्याने 1889 च्या संविधानात मुलांच्या शिक्षणाची पुरेशी तरतूद करणे हे राज्याचे सर्वोच्च कर्तव्य ठरवले.

ही वाक्ये शतकभर बहुतांशी कागदावरच राहिली, कारण प्रत्यक्षात शाळांचा पैसा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून येत असे. ज्या भागात घरे आणि कारखाने मोठे, त्या भागातील शाळा श्रीमंत. जेथे मजुरांची वस्ती, तेथे शाळा गरीब. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरातील एजवुड भागातल्या पालकांनी याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दाद मागितली. त्या खटल्यात नोंदवलेले 1967-68 चे आकडे वाचले की विषय लख्ख होतो. एजवुडमधील लोक अधिक दराने कर भरत होते, तरी त्यातून प्रत्येक मुलामागे 26 डॉलर उभे राहत होते. त्याच शहरातील अलामो हाइट्समध्ये कराचा दर कमी असूनही मुलामागे 333 डॉलर जमत होते. राज्याची आणि संघराज्याची मदत मिळवल्यावरही एजवुडला 356 आणि अलामो हाइट्सला 594 डॉलर एवढाच मेळ बसत होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1973 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पालकांची मागणी फेटाळली. संघराज्याच्या संविधानानुसार शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी सविस्तर विरोधी मत नोंदवले आणि राज्यांच्या संविधानांचा आधार घेण्याची वाट मोकळी असल्याचेही त्यात सूचित केले.

ती वाट पुढच्या दोन आठवड्यांतच धरली गेली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1973 मध्ये आपल्या राज्यातील शालेय वित्तव्यवस्था राज्याच्याच संविधानाशी विसंगत असल्याचा निकाल दिला. स्थानिक मंडळांकडे काम सोपवता येईल, परंतु ते काम झाले नाही तर दोष राज्याचाच, ही त्या निकालाची खरी ताकद आहे. कायदेमंडळाने नवा कायदा केला, मात्र त्यासाठी लागणारा पैसा उभा केला नाही. तेव्हा न्यायालयाने 1 जुलै 1976 पासून सार्वजनिक शाळांवर खर्च करण्यास मनाई केली. उन्हाळी सुट्टी असल्यामुळे उन्हाळी वर्ग तेवढे बंद पडले, तरी शाळांना टाळे लागल्याची वार्ता राज्यभर पोहोचली आणि ज्या राज्यात आयकराचे नाव काढायला राजकारणी धजत नव्हते, तेथे काही दिवसांतच आयकराचा कायदा संमत झाला. पुढे त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका दीर्घ खटल्यात 1998 मध्ये गरीब शहरी भागांतील तीन आणि चार वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचा आदेश दिला. संविधानातल्या एका ओळीतून अंगणवाडीच्या वयाच्या मुलापर्यंत पोहोचलेली ही साखळी मला विलक्षण वाटते.

केंटकीचा 1989 चा निकाल त्याहूनही व्यापक आहे. तेथील सहासष्ट गरीब शालेय विभाग एकत्र आले, राज्याचे माजी गव्हर्नर बर्ट कोम्ब्स यांनी त्यांची बाजू मांडली आणि न्यायालयाने केवळ वित्तव्यवस्थाच नव्हे, तर राज्याची संपूर्ण शालेय व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. शिक्षण पुरेसे आहे असे केव्हा म्हणायचे, हे सांगताना न्यायालयाने मुलाच्या अंगी यावयाच्या सात क्षमता नोंदवल्या. त्यांत भाषा आणि संवाद आहे, समाज व शासनव्यवहाराची जाण आहे, स्वतःच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचे भान आहे, आणि कलांची ओळखही आहे. सरकारी इमारतींची मोजमापे न सांगता मुलाला काय यायला हवे, हे न्यायाधीशांनी लिहिले. पुढच्याच वर्षी तेथे नवा शिक्षण कायदा झाला आणि त्यासाठी विक्रीकर पाच टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर नेण्यात आला.

सर्वत्र असे घडले नाही, हेही सांगितले पाहिजे. इलिनॉयच्या न्यायालयाने 1996 मध्ये शिक्षणाचा दर्जा ठरवणे हे न्यायाधीशांचे काम नाही असे सांगून हात आखडता घेतला. फ्लोरिडात त्याच वर्षी असाच अनुभव आला, तेव्हा तेथील मतदारांनी 1998 मध्ये राज्याचे संविधान दुरुस्त करून अधिक कडक भाषा घातली; तरीही 2019 मध्ये तेथील न्यायालयाने ‘उच्च दर्जा’ कसा मोजायचा हे ठरवण्यास नकार दिला. उलट वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयाने 2015 मध्ये कायदेमंडळाच्या दिरंगाईबद्दल राज्याला दररोज एक लाख डॉलर दंड ठोठावला. मजकूर जवळपास सारखाच असताना एका ठिकाणी तो जिवंत होतो आणि दुसऱ्या ठिकाणी निपचित राहतो; हा फरक पडतो तो त्यामागे चिकाटीने उभे राहणारे पालक, शाळा आणि वकील यांच्यामुळे, असे माझे मत झाले आहे.

आपल्याकडे घटक राज्यांना स्वतंत्र संविधाने नाहीत. जम्मू-काश्मीरला ते 2019 पर्यंत होते आणि त्यात विद्यापीठ स्तरापर्यंत मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे निर्देशक तत्त्वही होते. बाकी सर्वांसाठी एकच संविधान. त्यात शिक्षण हा मुळात राज्यसूचीतील विषय होता. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. ज्या वर्षी न्यू जर्सीचे न्यायालय राज्याला ‘जबाबदारी तुमचीच’ म्हणून खडसावत होते, त्याच वर्षी आपण ती जबाबदारी केंद्र आणि राज्य यांच्यात वाटून टाकली. 2002 च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने कलम 21-अ आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. ही आपली मोठी कमाई आहे आणि अमेरिकेच्या संघराज्याच्या संविधानाने आपल्या मुलांना असा हक्क आजही दिलेला नाही, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. परंतु तो हक्क ‘राज्य कायद्याने ठरवील त्या रीतीने’ मिळणार आहे, आणि त्यासाठीचा 2009 चा शिक्षण हक्क कायदा उघडून पाहिला तर आठव्या कलमात सरकारवर आणि नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणावर जवळपास त्याच शब्दांत तीच कर्तव्ये सोपवलेली दिसतात. हक्क मुलाच्या नावावर स्पष्ट लिहिलेला असताना कर्तव्याला मात्र एक नाव उरत नाही.

गोव्यात याचा अनुभव कसा येतो, ते मी सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत पाहिले. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत, शिक्षिका एकच. फळ्यावर खडूने उभ्या रेघा ओढून चार भाग केलेले होते. एका भागात मुळाक्षरे, शेजारी पाढे, पलीकडे वजाबाकीची गणिते आणि शेवटच्या भागात परिसर अभ्यासाचे प्रश्न. चौथीतली एक मुलगी आपले लिहून झाल्यावर पहिलीच्या मुलाचा हात धरून ‘क’ गिरवून घेत होती. पहिल्या पावसात कौले गळू लागल्याने बाकांची एक रांग भिंतीपासून आत ओढली होती. कायद्याच्या परिशिष्टानुसार साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. पालकांच्या बैठकीत हे मी सांगितले, तेव्हा एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “बाई, आम्ही सगळीकडे जाऊन आलो. पंचायत म्हणते शिक्षक आमच्या हातात नाही. खाते म्हणते छप्पर दुसऱ्या खात्याचे. आमदार म्हणतात बघतो. आता तुम्हीच सांगा, अर्ज कोणाच्या नावाने करायचा?” शाळा व्यवस्थापन समितीने विकास आराखडाही करून पाठवला होता. त्याची पोचदेखील आली नव्हती.

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचे उत्तर नव्हते. केंटकीतील पालकाकडे ते असते: राज्याच्या नावाने.

गोव्याच्या समाजाला शाळेची कदर नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पोर्तुगीज राजवटीत मराठी शाळा देवळांच्या मंडपांत आणि घरांच्या ओसऱ्यांवर लोकांनीच चालवल्या. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच मूठभर धान्य बाजूला काढून शाळा उभी करण्याची ती रीत जपली गेली आहे. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत प्राथमिक शाळा गावोगाव गेल्या. शिक्षकांचे पगार अनुदानातून राज्य सरकारच देत असल्यामुळे एजवुडसारखी गावागणिक विषमता आपल्याकडे त्या स्वरूपात नाही, हे आपले भाग्य. मात्र प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे 1990 चे धोरण, 2011 चा इंग्रजी माध्यमाला अनुदान देण्याचा निर्णय आणि त्यानंतरची आंदोलने पाहता, आपली सारी ऊर्जा माध्यमाच्या प्रश्नावर खर्च झाली. मी स्वतः मराठी माध्यमाची खंदी समर्थक आहे आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे, या मतावर आजही ठाम आहे. तरीही मराठी शाळेत एकच शिक्षिका चार वर्ग सांभाळत असेल, तर त्या शाळेकडे पाठ फिरवणाऱ्या पालकाला दोष देण्याचा अधिकार मला उरत नाही. पट घटतो, मग शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते, आणि हे सारे कोणाच्याही निर्णयाविना आपोआप घडल्यासारखे दिसते.

भारतीय संविधानात गोव्यासाठी खास असे एकच कलम आहे, 371-झ, आणि त्यात विधानसभेचे सदस्य तीसपेक्षा कमी नसावेत एवढेच म्हटले आहे. राज्याचे स्वतंत्र संविधान आपल्याला मिळणार नाही आणि तशी मागणीही कोणी करू नये. परंतु शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने पर्वरीच्या गोवा विधानसभेला स्वतःवर बंधन घालून घेण्यापासून कोणी अडवलेले नाही. आपला शालेय शिक्षण कायदा 1984 चा, म्हणजे घटक राज्य होण्यापूर्वीचा आहे. त्यात दुरुस्ती करून तीन गोष्टी लिहिता येतील: सरकारी व अनुदानित शाळेतील प्रत्येक उणिवेचे अंतिम उत्तरदायित्व राज्य सरकारचे राहील, चौथी पूर्ण करणाऱ्या मुलाला काय यायला हवे, हे कायद्यातच नोंदवलेले असेल, आणि शाळा व्यवस्थापन समितीने दिलेल्या विकास आराखड्याला सरकारने ठराविक मुदतीत लेखी उत्तर द्यावे लागेल. 2009 च्या कायद्याच्या बाविसाव्या कलमाने हा आराखडा अनुदानाचा आधार मानला आहे, त्यामुळे यांतील शेवटच्या गोष्टीसाठी नवे तत्त्व शोधण्याचीही गरज नाही. विधानसभेच्या पुढील अधिवेशनापूर्वी आपापल्या गावच्या समितीने पाठवलेल्या आराखड्याची प्रत आणि तो पाठवल्याची तारीख आमदारांच्या हाती द्यावी, म्हणजे सभागृहात विचारण्यासाठी त्यांच्याकडे नेमका प्रश्न असेल. सत्तरीतील त्या समितीचा अर्ज आम्ही याच रीतीने, मुख्य सचिवांच्या नावे, नव्याने लिहायला घेतला आहे.