मेआ कुल्पा

आज ऑफिसात घोळ झाला. क्लायंटला जुन्याच दरांची शीट गेली. मी लगेच सगळ्यांना मेल टाकला: 'मेआ कुल्पा!' वर एक स्मायली. सॉरी म्हणताना जीभ जड होते, लॅटिन कसं झोकात निघतं.

डबा खाताना वसईची मैत्रीण हसत म्हणाली, "अगं, हे म्हणताना छातीवर मूठ मारायची असते. तीनदा!" मला पत्ताच नव्हता. कॅथलिक चर्चमधल्या मिस्साच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या, सुरुवातीला पापांची कबुली देणारी प्रार्थना असते, तिच्यातले हे शब्द. मेआ कुल्पा, मेआ कुल्पा, मेआ माक्सिमा कुल्पा. माझ्या अपराधाने, माझ्या अपराधाने, माझ्या महाअपराधाने. इंग्रजी मिस्सात मधली काही दशकं हे एकदाच म्हणायचे. २०११ पासून पुन्हा तीनदा.

मला मात्र त्यातल्या विभक्तीने पकडलं (शाळेतलं संस्कृत असं कुठेही डोकं वर काढतं). 'कुल्पा' म्हणजे दोष, पण इथे तो प्रथमेत नाही. 'माझा दोष' असा नुसता शिक्का नव्हे, तर 'माझ्या दोषामुळे'. म्हणजे आधी काय केलं ते सांगायचं, मग हे. मी तर आधीचं वाक्यच गाळलं होतं.

आणि वर बघा, काय लिहिलंय मी? 'घोळ झाला', 'शीट गेली'. शीट काय स्वतःच्या पायांनी गेली?

संध्याकाळी दुसरा मेल केला: 'शीट मी न तपासता पाठवली. नवे दर जोडले आहेत.' स्मायली नाही. साहेबांचं उत्तर आलं: 'ओके.'